उतरला का?

चिखलीच्या बाजारात अजूनही एखादा म्हातारा भेटते अन् इचारते, "तुमी त्या सायकलवाल्या कडूबाच्या घरच्या ना?" मी म्हणते, हाव. मंग तो गडी हात वर करून बाजूच्या पोट्ट्याहीले सांगते, काय मानूस होता बाप्पा, आठ दिवस भुईले पाय लावला नाही, सारं वऱ्हाड पाहायले लोटलं होतं, मी सोता उभा होतो तिथं. मी ऐकून घेते. शेवटच्या संध्याकाळी हा उभा नव्हता. पंगतीत बसून बुंदी खात होता. पण आता त्याच्याशी कोण तोंड घालन?

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण माह्यी सत्तरी उलटून गेली, हेही राह्यले नाहीत, आता मले कोण रागावणार हाये? कडूबा, हेच नाव. अन् हे नाव काऊन पडलं ते आधी सांगा लागते.

माह्या सासूले, मनकर्णाबाईले, पह्यली तीन लेकरं झाली अन् तिन्ही गेली. चौथ्याच्या टायमाले तिनं गावच्या मरीमायले बोलून ठेवलं, हे लेकरू जगलं तं याचं नाव कडू ठेवीन. कडू वस्तू कोण उचलून नेते? अन् वरून आणखी एक बोलली, दोन वर्षं याचे पाय भुईले लागू देणार नाही. बोलाले काय लागते! पण बुढीनं ते करून दाखवलं. देऊळघाटाले आमचा मळा. कडेवर पोरगं अन् डोक्यावर वांग्या-मेथीची डाली, अशी ते बुलढाण्याच्या बाजारात चालत जाये. निंदायले बसली तं पोरगं पाठीवर बांधलेलं. दोन वर्षांनी मरीमायच्या ओट्यापुढं पह्यल्यांदा खाली ठेवलं, तं याहीले उभंच राहता येईना. बदकन खाली बसले अन् भोकाड पसरलं. मी काही तवा नव्हती, पण सासूच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मले ते पाह्यल्यासारखं वाटते.

पुढं हे चांगले दाढी-मिशीवाले झाले, तरी बुढीचं एकच बोलणं. "मी हाये तोवर माह्या पोराचे पाय भुईले लागत नाहीत." याहीचं पायताण तुटलं की म्हणे, काटा रुतला की म्हणे, अन् हसे. लाडाचं बोलणं होतं. आम्ही कोणी ध्यान देल्लं नाही.

आमचे हे मुलखाचे मुके. चारचौघांत बसले की तोंड शिवल्यासारखं. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, अन् दिवसाकाठी माह्याशी किती बोलत? "भाकर वाढ" अन् "दिवा मालव". बाकी सारं मायशी, तेही जास्त नाही. बुलढाण्याच्या एका वकिलाकडं मळ्याची भाजी देत, तिथं त्याची सायकल पुसता पुसता चालवायले शिकले. मंग किरायानं सायकल घेऊन एकटेच जात, कधी मोताळ्याकडं, कधी मेहकरच्या सडकेनं हिवऱ्यापावतर. मी एकदा इचारलं, कोणाले भेटाले जाता? तं म्हणाले, कोणालेच नाही. सायकलवर बसलं की कोणी काही इचारत नाही, म्हणून जातो. घ्या! असा मानूस माह्या नशिबी.

ते जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचं साल होतं. इंग्रजाचं राज्य होतं, वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले. मलकापुराकडचा एक गडी तवा गावोगाव सायकलचे खेळ करे. सात दिवस सायकलवर, खाली उतरणं नाही. चिखलीले त्याचा खेळ झाला अन् लोक येडे झाले. माहे चुलतदीर, किसनराव, चिखलीले अडतीचं काम करत. तोंडानं लय वाजणारा गडी. भर बाजारात त्या मलकापूरवाल्याले बोलून बसले, "सात दिवसाचं काय घेऊन बसला बे? आमचा कडूबा आठ दिवस फिरून दाखवन!"

याहीले कोणी इचारलं नाही. अन् इचारलं असतं तरी हे नाही म्हणाले नसते.

चैत्रात कापसाचा हंगाम सरला, बाजाराचं मैदान मोकळं झालं, तिथं फक्कीचं मोठं रिंगण आखलं. रिंगणात सायकल, अन् सायकलवर आमचे बुवा. पाय भुईले लागला की खेळ संपला, इतकाच कायदा. आंघोळ म्हणजे येता-जाता अंगावर बादली. न्हावी वाटी घेऊन बाजूनं पळे अन् दाढी करे, लोक हसून हसून लोळत. झोप आली की दोन गडी दोन बाजूंनी खांद्याले धरून सायकल हळूहळू ढकलत, तेवढाच डोळ्याले डोळा. बाकीचं तुमी इचारू नका, मी सांगत नाही.

खाऊ घालायचं काम माह्याकडं. त्या मलकापूरवाल्याच्या माणसाहीनं अन्नात काही कालवलं तं? म्हणून ठरलं, की घरच्या बाईच्या हातचंच खायचं. मी रिंगणाच्या कडेनं पळत पळत भाकरीचा कुटका याहीच्या तोंडात घाले. शंभर माणसाहीत नवऱ्याच्या तोंडात घास! पह्यल्या दिवशी लाजेनं मेली. दुसऱ्या दिवसापासून लाज कुठं गेली, काय माहीत.

कारण हे बोलाले लागले ना. एका फेरीले इचारत, दुसऱ्या फेरीले मी जवाब देऊ.

"कांद्याले पाणी देल्लं का?" अन् गेले पुढं.

फिरून आले की मी सांगू, "देल्लं."

"तुह्या पायात काय झालं?"

"खडा रुतला."

"मंग पळू नको. मी हळू घेतो."

आता हे काय बोलणं झालं? पण माह्या सहा वर्षांच्या संसारात इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. मी मनात म्हणे, फिरत राहा बाप्पा, महिनाभर फिरत राहा.

पाचव्या दिवशी देऊळघाटाहून सांगावा आला, की बुढीले ताप भरला, मान उचलत नाही. किसनरावांनी मले बाजूले बोलावून सांगतलं. "वहिनी, तुमी जा. त्याले काही सांगू नका. ताप हाये, उतरून जाईन."

मी रिंगणाजवळ गेली, म्हणाली, "घराकडं जाऊन येते."

"माय बरी हाये ना?" याहीनं इचारलं अन् सायकल पुढं गेली. तिकडं सर्व्हिस मोटार भोंगा वाजवून राह्यली होती. हे फिरून येईपावतर मी मोटारीत बसली होती. त्या फेरीचा जवाब माह्याच्यानं देऊन झाला नाही.

घरी गेली तं बुढी खाटल्यावर, डोळे छताले लागलेले. मी कपाळावर हात ठेवला, तशी मले वळखलं. म्हणाली, "उतरला का?"

"नाही, आत्याबाई. फिरून राह्यले."

डोळे मिटले. मी पाण्यात फडकं भिजवून कपाळावर ठेवलं. रातभर तसंच. पहाटं अखीन डोळे उघडले. "उतरला का?"

मी म्हणाली, "नाही."

"बरं," म्हणाली. मंग एक लांब श्वास सोडला अन् गेली.

ओसरीवर बसलेल्या माणसाहीनंही हे ऐकलं. एकजण म्हणे, पाहा, जाता जाता बुढीले पोराच्या नावाची फिकर. उतरू नको, असंच सांगून गेली. मले ते तसं ऐकू आलं नव्हतं. ज्या बाईनं पोरगं दोन वर्षं खाली ठेवलं नाही, ते वाट पाहून राह्यली होती की तो कधी उतरते अन् कधी उंबऱ्यात येते. "बरं" म्हणाली ते दुसरं काय म्हणणार म्हणून. पण हे मले वाटलं. बुढीच्या मनातलं कोणाले माहीत? ते तं गेली.

दुपारच्या आत किसनराव मोटारीनं आले. मी उंबऱ्यातच उभी राह्यली. म्हणाली, "याहीले आणलं नाही?"

"वहिनी, ऐका. सुतक ऐकल्यावर लागते. ज्याच्या कानावर गेलंच नाही, त्याले कशाचं सुतक? मानूस परमुलखात असते, महिन्यानं त्याले कार्ड भेटते, तवा तो आंघोळ करते. त्याच्यात पाप नाही. कडूबाले सांगतलं तं त्याले त्याच घडीले उतरा लागन. तीन दिवसाचं काम राह्यलं. उतरला की सांगू."

म्हाताऱ्या माणसाहीनं माना डोलावल्या. कायद्यानं ते बरोबरच होतं ना! आपल्या लोकाहीले कायद्यातली फट बरी सापडते.

पदर डोक्यावरून खाली पडला तरी मी सावरला नाही. ओरडली, "चिखली काय काशी हाये का भाऊजी? मोटारीत बसले तं दोन घटकेत येतात! एकुलता एक लेक हाये तिचा. तीन गाडून एक जगवला. अग्नी कोण देणार?"

"मी देतो. मी काय परका हाये?"

"अन् त्याहीनं उद्या इचारलं तं?"

"बुढीचाच शब्द हाये, उतरवू नका म्हणून. साऱ्याहीनं ऐकला."

बाया मसणात जात नाहीत. मी ओट्यावरून पाहत राह्यली. मडकं किसनरावांच्या हातात होतं. रडायच्या आधी मले रागच आला, इतका राग, की डोळ्यातून पाणीच निघेना.

दोन दिवस मी त्या घरात एकटी बसली. बाया येत, टेकत, रडत, अन् उठता उठता इचारत, "काय वं, अजून फिरूनच राह्यले का तुहे बुवा?" अन् डोळे पुसता पुसता त्याहीच्या तोंडावर अभिमान! माह्या सासूचं मरण कोणाले दिसतच नव्हतं. गावाले फक्त सायकल दिसून राह्यली होती.

सुतकात बाई घराबाहेर पडत नाही. मी पडली. आठव्या दिवशी सकाळीच उठली, मोटार धरली अन् चिखलीले आली.

मैदानात जत्रा भरली होती. झाडावर माणसं, गाड्यावर माणसं. अन् मधी हे. माय वं, काय अवतार! डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, मान एका अंगाले कललेली. किसनरावांनी मले पाह्यलं अन् धावत आले.

"बरं झालं आल्या. कालपासून कोणाच्या हातचं खाऊन नाही राह्यला. तुमचंच नाव, सोजरा कुठं, सोजरा कुठं, एकच धोसरा. दोन घास घाला. अन् तोंड हसतं ठेवा."

"भाऊजी, मले सुतक हाये. मी कशी खाऊ घालू?"

"त्याले कुठं माहीत हाये?"

माह्यं ठरलं होतं. भाकर द्यायच्या निमित्तानं जवळ जाईन अन् सांगून टाकीन. मंग हे उतरोत, नाही तं पडोत, लोकं मले दगडं मारोत. हातात कुटका घेतला अन् रिंगणाच्या कडेले उभी राह्यली.

हे आले. मले पाहून तोंड उघडलं, लेकरू उघडते तसं. अन् माह्या हातानं दगा देल्ला. हात तोंडाकडं गेलाच नाही. सुतकातल्या माणसानं दुसऱ्याले द्यायचं ते वरून, अंगाले हात न लागू देता. लहानपणापासून पाह्यलेलं, हाताले सवय पडलेली. मी कुटका वरून सोडला. याहीनं तो तळहातावर झेलला.

याहीनं भाकरीकडं पाह्यलं. मंग माह्या केसाकडं पाह्यलं, बिनतेलाचे, बिनफणीचे. अन् सायकल पुढं गेली.

ती फेरी मले लय लांब वाटली. आजूबाजूले लोक टाळ्या पिटत होते. साऱ्या बाजारात मीच एक, जिच्या तोंडात ते बोलणं होतं. मी पदराचा बोळा करून मुठीत धरला अन् वाट पाह्यली.

हे आले. मी तोंड उघडलं.

"बोलू नको," हे म्हणाले अन् गेले.

दुसऱ्या फेरीले आले. "कोणीच काही बोलू नका."

भाकर तोंडात घातली नाही. हँडलवर अंगठ्याखाली दाबून धरली होती.

उन्हं कलली अन् आठ दिवस पुरे झाले. ताशे वाजले, फटाके वाजले, लोक रिंगणात घुसले. फक्कीची रेघ पायाखाली पार पुसली गेली. किसनराव हार घेऊन आडवे झाले, "उतर कडूबा! जिंकला बे! उतर!"

हे त्याहीले वळसा घालून पुढं गेले.

लोकाहीले वाटलं, मजा करून राह्यले. "अखीन फिरते म्हणे! वा रे पठ्ठे!" अखीन शिट्ट्या, अखीन टाळ्या. कोणी हार फेकला, तो याहीच्या गळ्यात पडला. एक फेरी झाली, दहा झाल्या. टाळ्या कमी झाल्या. पंगतीची बुंदी तयार होती. एकेकजण सरकला. किसनराव बाजूनं पळाले, समजावलं, दरडावलं, सायकलले हात घालायले गेले तं हे असे ओरडले, की किसनरावांचा हात आपोआप मागं आला. "डोकं फिरलं याचं उन्हानं," म्हणून तेही गेले. ज्याच्यासाठी पंगत, तो फिरून राह्यला, अन् बाकीचे जेवाले बसले!

मैदानात फुटके फटाके, उष्ट्या द्रोणाहीजवळ दोन कुत्रे, अन् आम्ही दोघं. मी एका सोडलेल्या गाडीच्या जुवावर बसली. दिवस मावळतीले लागला होता. कर्र कर्र असा चाकाचा एकच आवाज.

तवा माह्या ध्यानात आलं. उतरले की कोणीतरी सांगणार. सांगतलं की सुतक. अन् जोवर फिरून राह्यले, जोवर ऐकलं नाही, तोवर सुतक नाही. सुतक नाही तं माय हाये. किसनरावांनी जो कायदा माह्या तोंडावर फेकला होता, त्यालेच हा मानूस धरून बसला होता. मी हाये तोवर पोराचे पाय भुईले लागत नाहीत, असं बुढी म्हणे. हेही आता तेच करून राह्यले होते, उलट्या अंगानं.

आठ दिवस लोकाहीसाठी फिरले असतीन. ह्या फेऱ्या मायसाठी होत्या. मले इतका कळवळा आला, की मी जागीच रडली, मोठ्यानं, कोणी ऐकाले नव्हतं म्हणून.

हे जवळून गेले. "सोजरा, घरी जा."

फिरून आले तवा मी म्हणाली, "तुमच्यासंगं जाईन."

अखीन दोन फेऱ्या मारल्या. मंग मान खाली घालून इचारलं, "मायनं माह्यासाठी काही सांगतलं का?"

चाक दूर गेलं. मी उठून उभी राह्यली. खोटं बोलता आलं असतं. उतरू नको म्हणाली, फिरत राहा म्हणाली. साऱ्या गावानं तेच मानलं होतं.

हे आले. मी म्हणाली, "दोनदा इचारलं. उतरला का, म्हणून."

गेले. परत आले. "तू काय म्हणाली?"

अन् ती फेरी! पायात जीव नव्हता, सायकल झोकांड्या देत होती, तरी पूर्ण फेरी मारूनच आले. मी बाजूनं पळाले लागली, खाऊ घालताना पळे तशी.

"नाही म्हणाली मी. फिरून राह्यले म्हणाली. मंग त्या बरं म्हणाल्या. अन् गेल्या. परवा पहाटं गेली हो तुमची माय."

बोलली एकदाची. याहीनं माह्याकडं पाह्यलं नाही. सायकल पुढं निघाली, रिंगणाच्या पलीकडच्या बाजूले गेली, हळू झाली, अखीन हळू झाली, अन् उभी राह्यली. आधी एक पाय खाली आला. मंग दुसरा. हँडल धरून हे तसेच उभे राह्यले.

मी पळत गेली.

"सांग तिले," हे म्हणाले. "उतरलो म्हणाव."

हँडल हातातून सुटलं, सायकल एकीकडं पडली. याहीले उभं राहता येईना. बदकन भुईवर बसले, दोन वर्षांचे मरीमायच्या ओट्यापुढं बसले असतीन तसेच, अन् भोकाड पसरलं. मुठीत तो भाकरीचा कुटका अजून होता.

बाजाराच्या विहिरीवर बैलाहीले पाणी पाजायची दगडी कुंडी होती. मी याहीले खांद्याचा आधार देऊन तिथं नेलं, पोहरा सोडला, पाणी काढलं अन् डोक्यावर ओतलं. मंग दोन्ही हातांनी पाठ चोळून देल्ली. आता आम्ही दोघंही सुतकात होतो, हात लावायले काही हरकत नव्हती.